पोटातल्या बाळाला शिशापासून जपताना : आधी काय, मग काय

गरोदर बाईच्या रक्तात शिसे निघाले की घरात पहिला प्रश्न येतो, “यावर औषध कोणते?” मग कुणी कोथिंबिरीचा रस सुचवते, कुणी शरीरशुद्धीचा काढा आणते. शिसे जिथून आत येत होते ती वस्तू मात्र स्वयंपाकघरात, देवघरात किंवा नवऱ्याच्या कामाच्या शर्टावर तशीच राहते. महिन्याने पुन्हा तपासले तर आकडा तेवढाच, कधी वरच गेलेला. चूक क्रमात होते. आधी शिशाची वाट शोधायची, ती बंद करायची, रक्त तपासायचे, खाणेपिणे सांभाळायचे आणि पुन्हा तपासायचे. औषध सगळ्यांत शेवटी, तेही फार थोड्या जणींना लागते.

कामाला लागण्याआधी एवढे समजून घ्या

शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन फिरते. जिथे कॅल्शियमला वाट आहे तिथे शिशालाही मिळते, आणि वार (बाळाला आईच्या रक्तातून पोषण पुरवणारा गर्भाशयातला अवयव, प्लॅसेंटा) त्याला अडवत नाही. जन्माच्या वेळी नाळेतल्या रक्तात आईच्या रक्ताच्या साधारण ८० ते ९० टक्के शिसे सापडते. गर्भाच्या मेंदूभोवतीची राखण अजून कच्ची असते. नेमके तेव्हाच मेंदूच्या पेशी आपापल्या जागी सरकत असतात, एकमेकींशी जोडल्या जात असतात. हे जोडकाम कॅल्शियमच्या इशाऱ्यांवर चालते आणि शिसे ते इशारे बिघडवते.

घरच्यांची फसगत होते ती इथे. बाळ जन्मते तेव्हा गुटगुटीत असते, रडते, दूध ओढते. परिणाम दिसतो पुढे, शिकण्यात, लक्ष टिकवण्यात, वागण्यात. बोस्टनमध्ये २४९ बाळांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. ज्यांच्या नाळेच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे होते, ती पहिल्या दोन वर्षांतल्या बौद्धिक विकासाच्या चाचण्यांत मागे राहिली. हे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर सुरक्षित मानलेला आकडा खाली खालीच येत गेला, आणि आज जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीच पातळी सुरक्षित धरत नाही.

दुसरी गोष्ट हाडांची. रक्तातले शिसे महिना-सव्वा महिन्यात निम्मे होते, पण हाडांत मुरलेले दशकानुदशके राहते. बाळाची हाडे घडायला लागली की आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते आणि त्याच्यासोबत जुने शिसेही. म्हणून “आता कुठे शिशाशी संबंध येतो?” एवढे विचारून भागत नाही. लहानपणी घरामागे बॅटऱ्या फोडल्या जात होत्या का, हेही विचारावे लागते.

पहिला टप्पा : वही घ्या, आणि दोन्ही घरे धरा

चान्स घ्यायचे ठरले तेव्हाच सुरुवात केली तर सगळ्यांत बरे, कारण गर्भाचा मेंदू पहिल्या काही आठवड्यांतच आकार घेऊ लागतो. दिवस गेलेले असतील तर आज सुरू करा. कोणत्याही महिन्यात वाट बंद केली तरी पुढच्या महिन्यांचा फायदा होतोच.

एका वहीत सात मथळे लिहा : काम, देवघर, मसाले, भांडी, औषधे, तोंडात जाणारे इतर काही, आणि घराचा रंग. प्रत्येक मथळ्याखाली घरात खरोखर जे आहे ते लिहायचे. आणि हे दोन घरांसाठी करायचे, सासरच्या आणि माहेरच्या. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्यात मुलगी माहेरी येते आणि बाळ पुढचे तीन-चार महिने तिथेच वाढते. सासरचे घर धुऊनपुसून ठेवले आणि माहेरचे पाहिलेच नाही, ही चूक मी सारखी बघते.

आमच्याच घरात ती झाली. धाकटी बहीण यायची म्हणून वडिलांनी मोठ्या हौसेने तिच्या खोलीच्या खिडक्या रंगवायला काढल्या. चाळीस वर्षांचा ऑइलपेंट, एकावर एक थर. रंगारी दोन दिवस कोरडा पॉलिश पेपर मारत होता. संध्याकाळी उंबऱ्यावर, गादीवर, फडताळातल्या दुपट्यांवर पिठासारखी फिकट हिरवी पूड बसलेली. बहिणीने आल्या आल्या तीच पूड केरसुणीने झाडली. आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते, आणि म्हणूनच रंगाबद्दल पुढे जरा जास्त लिहिले आहे.

तपासा : वहीत “काही नाही” असा मथळा असेल तर तो पुन्हा एकदा सासूबाई किंवा आईसमोर वाचा. कपाटाच्या मागच्या बाजूला काय आहे ते त्यांनाच ठाऊक असते.

दुसरा टप्पा : वाटा शोधा

काम. शिसे घरात आणणारा बहुतेक वेळा कामावरून येणारा माणूस असतो. बॅटरीचे दुकान, भंगार, रेडिएटर दुरुस्ती, डाख लावण्याचे (सोल्डरिंगचे) काम, जुने रंगवलेले लोखंड गॅसकटरने कापणे. मुंबईत दारूखान्याला जहाजे तोडतात तिथले काम याच जातीचे. किनाऱ्यावर पागाच्या (फेकून मासे धरायच्या) जाळ्याला लागणारी शिशाची वजने काही जण घरच्या चुलीवरच वितळवून ओततात. ती चूल आणि ते भांडे स्वयंपाकाला कधीच वापरू नये. इन्व्हर्टरची बंद बॅटरी घरात आहे म्हणून घाबरू नका. ती फोडली, उघडली, जाळली तर धोका.

देवघर. मारुतीला, गणपतीला, खंडोबाच्या टाकांजवळच्या दगडांना लावतो तो शेंदूर म्हणजे पारंपरिक रूपात शिशाचेच लाल संयुग. श्रद्धेला धक्का लावायचा नाही, शेंदूर हाताळणारे हात बदलायचे. गरोदर बाईने तो कालवू नये, कपाळी लावू नये, मूर्तीवरचे पोपडे खरवडू नयेत. घरातल्या दुसऱ्या कुणी लावावा आणि साबणाने हात धुवावेत. हळद आणि चुना यांचे घरचे कुंकू वेगळे. पण सुटे, भडक, स्वस्त कुंकू कशाचे आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि भांगातून ते बोटांवर व बोटांवरून घासात उतरते. सुरम्यातही शिशाचे संयुग असते. तुपाच्या वातीची काजळी धरून केलेले काजळ ही वेगळी वस्तू.

मसाले. हळदीचा पिवळा रंग खुलवण्यासाठी काही जण लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे पिवळे संयुग, वापरतात. बांगलादेशात ही भेसळ इतकी पसरली होती की तिथल्या गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग हळदीपर्यंत पोचला. २०१९ नंतर तिथल्या सरकारने धाडी घातल्या तेव्हा ती ओसरली. भारतातही काही ठिकाणच्या हळदीत ते सापडले आहे. “आम्ही अख्खी हळकुंडे आणून कांडून घेतो, आम्हाला भीती नाही,” असे पुष्कळ जणी सांगतात. पण हा रंग हळकुंडांना पॉलिश करतानाच चढवला जातो. एकसारखी झळझळीत, हाताला पिवळी पूड सोडणारी हळकुंडे नकोत. मातकट, खडबडीत, पॉलिश न केलेली घ्या आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या.

सावधान : पाण्याच्या ग्लासात हळद टाकून पाहण्याची युक्ती शिशासाठी चालत नाही. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसले म्हणजे हळद स्वच्छ असे नव्हे. खात्री हवी तर मान्यताप्राप्त अन्नप्रयोगशाळेत नमुना द्या. आणखी एक : पूजेच्या हळदीची पुडी स्वयंपाकाच्या डब्याशेजारी ठेवू नका. ती खाण्यासाठी नसते, आणि घाईत हात तिकडेच जातो.

भांडी. शिसे आंबटात उतरते. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक. पितळेच्या भांड्याला कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथलात शिसे मिसळले की कल्हई स्वस्त पडते आणि चकाकी तशीच दिसते. भंगार धातू वितळवून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांतही शिसे मिळाले आहे. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिंडालियम (अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) जातीच्या काही आयात भांड्यांबद्दल इशारा दिला. गरोदरपणापुरते सोपे ठेवा : आमटी, सार, कढी स्टीलमध्ये. लोणचे काचेच्या बरणीत. आजीची चिनी मातीची बरणी सुंदर असेल, पण तिच्या चकाकीत काय आहे कळत नाही, आणि मीठ-आंबट त्यात वर्षभर मुरते.

औषधे. इथे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण ही वाट बाळासाठी म्हणूनच उघडली जाते. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांच्या शाखेत, नाग म्हणजे शिसे. नागभस्म हे शिशाचे भस्म. त्रिवंग भस्मातल्या तीन धातूंत एक शिसे, आणि ते मूल राहण्यासाठी म्हणून दिले जाते. गर्भपाल रसाच्या पारंपरिक पाठात नागभस्म आहे आणि पाऱ्याचा हिंगूळही. न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाला २०११-१२ मध्ये सहा गरोदर स्त्रिया शिशाने बाधित आढळल्या. त्यांच्यात भारतातून आलेली अशीच औषधे हे कारण निघाले. सगळीच आयुर्वेदिक औषधे अशी नसतात. पण भस्म किंवा ‘रस’ (धातू-पाऱ्याचे औषध, फळाचा रस नव्हे) असलेले, किंवा नुसत्या कागदी पुडीतून आलेले, ज्यावर घटकच लिहिलेले नाहीत असे काही पोटात जाऊ देऊ नका. पुड्या फेकण्याआधी डॉक्टरांना दाखवा, म्हणजे तपासणीत नेमके काय शोधायचे ते त्यांना कळेल.

तोंडात जाणारे इतर काही. डोहाळे म्हणून भाजलेली माती, विटेचा तुकडा, पाटीवरची पेन्सिल, खडू, अंगारा. या गोष्टी चारचौघांत कुणी सांगत नाही, म्हणून एकांतात आणि न रागावता विचारा. मातीची ओढ हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचे लक्षण असते. रागावल्याने ओढ जात नाही, लोह भरून आले की कमी होते. (शिसपेन्सिलीत शिसे नसते, ते ग्रॅफाइट असते. त्याची भीती नको.)

घराचा रंग. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, आणि हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा ऑइलपेंट, विशेषतः पिवळा, केशरी, लाल, हिरवा, संशयित धरायचा. कारखान्यात वापरायचे रंग या नियमात येत नाहीत, म्हणून ग्रिलसाठी आणलेला उरलेला रंग पाळण्याला देऊ नये. परदेशात असाल तर : अमेरिकेत १९७८ आधी बांधलेले घर असेल तर दारे-खिडक्यांचा रंग आधी तपासून घ्या.

तिसरा टप्पा : वाट बंद करा, या क्रमाने

१. संशयित वस्तू आधी बाहेर. भांडी, पुड्या, कुंकू, शेंदूर एका पिशवीत घालून नाव लिहून बाजूला. तपासणी होईपर्यंत हळद, भस्मे फेकू नका, नमुना लागू शकतो.

२. कामावरून येणाऱ्याचे कपडे दाराबाहेर. शक्य तर कामावरच आंघोळ. नाही तर घरी आल्यावर आधी आंघोळ, मग जेवण, मग मुलांना उचलणे. ते कपडे वेगळे धुवायचे, आणि गरोदर बाईने ते झटकायचे नाहीत. खिशांतल्या शिवणीत काळसर राखाडी भुकटी साचते, ती झटकताच नाकात जाते.

३. त्यानंतर सफाई, ओली. केरसुणी नको, सुका झाडू नको. साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके, दुसऱ्या बादलीत साधे पाणी. खिडकीच्या कडा, उंबरे, पंख्याची पाती, फडताळे. सफाई दुसऱ्याने करायची. त्या वेळी गरोदर बाई त्या खोलीत नको.

४. जुना रंग निघत नसेल, पोपडे नसतील, तर त्याला हात लावू नका. त्यावर नवा रंग द्या. पोपडे असतील तर ओले करून काढा, प्लॅस्टिक अंथरून. डोहाळजेवणाआधी घर रंगवायचे असेल तर गरोदर बाई आणि लहान मुले दुसऱ्या घरी, आणि ओली सफाई झाल्यावरच परत.

सावधान : घरातला पिढीजात लाकडी पाळणा कोरडा घासून नवा करू नका. बाळाला दात येऊ लागले की पाळण्याची कड त्याच्या तोंडात जाणार.

तपासा : खिडकीच्या चौकटीवरून ओले बोट फिरवा. पूड लागली तर सफाई अजून झालेली नाही.

चौथा टप्पा : रक्त तपासा

वहीत एक जरी संशयित नोंद निघाली तरी डॉक्टरांना सांगून तपासणी करा. ती नेहमीच्या गरोदरपणाच्या तपासण्यांत येत नाही, मागून घ्यावी लागते. तोंड धुऊन उपाशीपोटी जायची गरज नाही. रक्त शिरेतून घ्यायचे. बोटातून घेतले तर कातडीवरच्या धुळीने आकडा फुगतो.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली, सीरम (पेशी काढून उरलेला रक्ताचा पातळ भाग) देणे. रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींत असते, म्हणून तपासणी पूर्ण रक्ताचीच हवी. केसांच्या किंवा लघवीच्या तपासणीवर निर्णय घेऊ नका. दुसरी चूक एककाची. एखादी प्रयोगशाळा डेसिलिटरला किती ते देते, दुसरी लिटरला किती ते देते. लिटरला ५० मायक्रोग्रॅम म्हणजे डेसिलिटरला ५. हे न पाहता एका घरात रडारड होते, दुसऱ्या घरात खोटा निर्धास्तपणा.

आकडा डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनाप्रमाणे वाट शोधून बंद करणे आलेच. ५ च्या खाली असेल तरी वहीतली सापडलेली वाट उघडी ठेवायची नाही.

पाचवा टप्पा : खाणे आणि गोळ्या

पोट रिकामे असले, लोह कमी असले, कॅल्शियम कमी असले की आतडे शिसे जास्त ओढून घेते. म्हणून उपवास नको, दिवसभरात थोडे थोडे खात राहा. नाचणी, दूध, ताक, तीळ, पालेभाज्या, आणि खात असाल तर सुकट, मासे.

सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या आणि लोहाची एक गोळी मिळते. त्या कपाटात राहतात, किंवा एकदमच गिळल्या जातात. एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाला अडवते. दोन तासांचे अंतर ठेवा : कॅल्शियम जेवणासोबत, लोह वेगळ्या वेळी लिंबूपाण्याबरोबर. लोहावर चहा नको. मेक्सिको सिटीत गरोदर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले तेव्हा रक्तातले शिसे सरासरी ११ टक्क्यांनी उतरले. म्हणजे उपयोग आहे, पण वाट उघडी ठेवून गोळ्या गिळल्या तर पुरत नाही.

सावधान : हाडांच्या भुकटीपासून केलेले कॅल्शियम घेऊ नका, त्यातच शिसे असू शकते. आणि वजन झपाट्याने उतरवू नका. हाडे झिजली की त्यातले शिसे रक्तात येते.

सहावा टप्पा : पुन्हा तपासा

महिन्याने, त्याच प्रयोगशाळेत, त्याच एककात. आकडा उतरला तर वाट बरोबर सापडली. उतरला नाही तर गोळ्या वाढवू नका, वही पुन्हा उघडा. बहुतेक वेळा माहेरच्या घराची किंवा औषधांची पाने रिकामी असतात. सगळे करूनही आकडा रेंगाळला तर हाडांतले जुने शिसे असू शकते. तिथे घाबरून काही फायदा नाही, कॅल्शियम नियमित ठेवायचे.

४५ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर थांबायचे नाही. चोवीस तासांत पुन्हा रक्त आणि मोठ्या रुग्णालयात विषबाधेची जाण असलेले डॉक्टर. शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे तिथे, देखरेखीखाली, गरोदरपणाचा महिना पाहून दिली जातात. घरी “डिटॉक्स” म्हणून ती कधीही नाही. अमेरिकेत ७८० लहान मुलांवर अशा औषधाची चाचणी झाली. रक्तातला आकडा उतरला, पण बौद्धिक चाचण्यांत फरक पडला नाही. मेंदूला जे व्हायचे ते होऊन गेल्यावर औषध मागे जाऊन दुरुस्त करत नाही, म्हणून वाट बंद करण्याचा टप्पा आधी.

सातवा टप्पा : बाळंतपण आणि पुढचे महिने

आईचा आकडा ५ च्या वर गेलेला असेल तर बाळंतपणाच्या वेळी नाळेचे रक्त तपासायला सांगून ठेवा. वेणांच्या गडबडीत हे राहते, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि सोबत जाणाऱ्या बाईलाही सांगा.

अंगावरचे दूध थांबवायचे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आईचा आकडा ४० च्या खाली असेल तर पाजायचे. दुधात थोडे शिसे उतरते, पण अंगावरच्या दुधाचा फायदा मोठा असतो. ४० किंवा वर असेल तर दूध काढून टाकत राहायचे, आणि आकडा उतरला की पुन्हा पाजायचे, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

बाराव्या दिवशी पाळण्यात नाव ठेवले, बाळ न्हाऊ-माखू लागले की जुन्या वाटा नव्याने उघडतात. डोळ्यांत सुरमा, कपाळाला शेंदराचे बोट, घुटीत चिमूटभर भस्म. पाहुण्यांसमोर नाही म्हणणे आईला जड जाते, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईने ते अंगावर घ्यावे. काजळाची तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, हाताला नको. हात तोंडात जातो. पाच-सहा महिन्यांचे झाले की पायही जातात, तेव्हा तीही बंद.

बाळ रांगू लागेल, जमिनीवरची प्रत्येक गोष्ट तोंडात घालेल, त्याच्या आधी तिसऱ्या टप्प्यातली ओली सफाई पुन्हा एकदा करा, दोन्ही घरांत. लस द्यायला नेताना बाळाचे बसणे, मान सावरणे, आवाजाकडे वळणे याची नोंद डॉक्टरांकडून करून घ्या, आणि “गरोदरपणी शिसे निघाले होते” हे वाक्य प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगा. शाळेत गेल्यावर मूल अक्षरांत किंवा लक्षात मागे पडते आहे असे वाटले तर “मोठे झाल्यावर होईल नीट” म्हणून थांबू नका. विकासाची तपासणी करून घ्या आणि गरोदरपणातला तो कागद सोबत न्या.